तीनशे पिशव्या आणि एक

माझी वहिनी पिशव्या शिवायची. असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाजारात टांगलेल्या असतात तसल्या काहीतरी. वहिनीसमोर कुणी तसं म्हटलं असतं तर तिनं त्याला जिन्यावरून खाली सोडून येईपर्यंत ऐकवलं असतं. तिच्या पिशव्या संस्थांसाठी असायच्या. वाचनालय, शाळा, परिषदा भरवणारी मंडळं, झाडं लावणारे लोक, ज्यांना ज्यांना आपलं नाव कापडावर छापून हवं असे ते सगळे. जाड कॅनव्हासची पिशवी, नीट मापाचे बंद आणि संस्थेचं नाव. नाव छापायचं काम माझं. बावीस वर्षं मी तिच्या हाताखाली छपाई केली आणि बावीस वर्षं तिच्याशी भांडलो.

आम्ही कारखाना म्हणायचो ते म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत तीन शिलाई मशिनी आणि खिडकीपाशी वहिनीचं कापायचं टेबल. मागच्या खोलीत माझी छपाईची फ्रेम, शाईचे डबे, आणि ओले तुकडे वाळत घालायला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या. मशिनीवर एक वहिनी आणि दोन बाया. दोघी इतक्या जुन्या की माझा राग त्यांना पंख्याच्या आवाजासारखा ऐकूच येत नसे.

दाराजवळ भिंतीत एक मोठा खिळा होता. नवी पिशवी शिवली की तिचा पहिला नमुना त्या खिळ्याला लटकायचा, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार विटा घालून, आठ दिवस. बंद ताणले, टाका ढिला पडला, तर पिशवी उसवून पुन्हा शिवायची. गिऱ्हाईक खाली रिक्षा घेऊन उभं असलं तरी आठाचे सात दिवस व्हायचे नाहीत. मी चिडायचो. म्हणायचो, "वहिनी, लोक यात कागद नेणार आहेत, घर बांधायला निघालेले नाहीत."

"भावजी, लोक काय नेतील ते तुम्हाला विचारून नेणार आहेत का?" ती म्हणायची.

संस्थेची माणसं आली की आधी नावाचं बोलायची. अक्षरं मोठी हवीत, लांबून दिसायला हवीत. वहिनी ऐकून घ्यायची आणि मग विचारायची, "पिशवीत जाणार काय? उचलणार कोण? किती लांब नेणार?" अर्ध्या लोकांना याचं उत्तर ठाऊक नसायचं. वाचनालयाच्या लोकांना तिनं पुस्तकं घेऊन यायला लावलं, ती पिशवीत भरून जिना चढायला-उतरायला लावला आणि मगच बंदांची लांबी ठरवली. वाचनालयाचे साहेब धापा टाकत म्हणाले, "बाई, आम्ही पिशवी घ्यायला आलोय की नोकरी मागायला?" तीन वर्षांनी तेच साहेब पुन्हा आले तेव्हा खांद्याला तीच पिशवी होती.

हा हट्ट तिच्यात आधीपासून होता, पण त्याला धार आली ती दादा गेला तेव्हा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा. हॉस्पिटलात अकरा दिवस होता. तो गेल्यावर तिथल्या एका सिस्टरनं त्याचं सामान आणून वहिनीच्या हातात दिलं. कचऱ्याच्या डब्यात घालतात ती काळी प्लास्टिकची पिशवी, वर गाठ मारलेली. सिस्टरचा दोष नव्हता, त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. आम्ही दोघं बसथांब्यापर्यंत चालत आलो आणि तिथे ती पिशवी खालून फाटली. चपला, दाढीचं सामान, चष्मा, सगळं रस्त्यावर पडलं. चष्म्याची एक काच फुटली. वहिनी खाली बसून काचा वेचत होती. तोवर ती रडली नव्हती, तिथे रडली.

त्यानंतर सात वर्षं ती त्या हॉस्पिटलात खेटे घालत होती. गेलेल्या माणसाचं सामान घरच्यांना द्यायला एक धड पिशवी असावी, एवढंच तिचं मागणं. शेवटच्या आजाराच्या वॉर्डातून तरी कुणी काळी पिशवी घेऊन घरी जाऊ नये. कुणी तिला बसवून घेतलं, कुणी उद्या या म्हणालं, कुणी सरळ हसलं. सातव्या वर्षी त्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरनी हे मनावर घेतलं आणि तीनशे पिशव्यांचं काम आलं. वहिनीला मी इतकी खूश झालेली कधी पाहिली नव्हती.

हॉस्पिटलच्या ऑफिसला आपलं नाव बाहेर मोठ्या अक्षरांत हवं होतं. वहिनी म्हणाली, "घरी जाताना त्या माणसाला बसमध्ये दहा जण विचारतील, काय हो, कोण आजारी? नाव आत छापू." तिनं तोंडाशी कापड आत दुमडतो त्या दुमडीवर, आतल्या बाजूला, नाव बारीक घ्यायला लावलं. बाहेर काहीच नाही, फक्त राखाडी कापड आणि गेलेल्या माणसाचं नाव पेनानं लिहायला एक पांढरा तुकडा. बंद असे की हातातही धरता यावेत आणि छातीशीही. बूड अखंड, शिवण नाही. एकच लांब तुकडा मधे दुमडलेला. नमुना आठ दिवस लटकला. चारऐवजी सहा विटा.

याच सुमारास तिच्या पोटातली गाठ सापडली. डॉक्टरांनी काय ते स्पष्ट सांगितलं आणि तिनंही स्पष्ट ऐकलं. मला म्हणाली, "बघा, आता मला त्याच वॉर्डात जागा मिळेल. पिशव्या आल्या की नाही ते तिथूनच बघता येईल." मी तिच्यावर ओरडलो. दुसरं काय करणार होतो?

आता चूक सांगतो. ती माझी आहे.

लांब तुकड्यावर दोन्ही टोकांना छापताना आमचा एकच नियम. अक्षरांचं डोकं काठाकडे, जिथे पिशवीचं तोंड येतं, आणि पाय मधल्या घडीकडे, जिचं बूड होतं. म्हणजे पिशवी दुमडली की दोन्हीकडचं नाव सरळ दिसतं. बावीस वर्षं मी फ्रेम ठेवली की वहिनी टेबलापलीकडून विचारायची, "डोकं?" आणि मी म्हणायचो, "काठाकडे." लहान मुलाला पाढे म्हणायला लावावेत तसं. मला त्याचा राग यायचा. पण या पिशवीचं नाव दुमडीवर होतं, आणि दुमड आत वळली की वरचं खाली जातं. इथे डोकं घडीकडे हवं होतं. आमच्या सगळ्या कामात हीच एक पिशवी उलट्या नियमाची.

छपाईच्या दिवशी सकाळी वहिनीला हॉस्पिटलात नेलं. परत येऊन मी फ्रेम ठेवली. पलीकडून कुणी विचारलं नाही. हातांना जे ठाऊक होतं ते हातांनी केलं. तीनशे तुकडे, डोकं काठाकडे. मशिनीवरच्या दोघींना दुमड घालताना नाव उलटं दिसलं होतं. नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुम्हीच नाही का म्हणालात, ही पिशवी नेहमीसारखी नाही? आम्हाला वाटलं, वहिनींनीच असं सांगितलंय."

शिवून झाल्यावर सगळ्यात वरची पिशवी घेऊन मी धावत हॉस्पिटलात गेलो. वहिनी उशाला टेकून बसली होती. हाताची पार काडी झालेली. तिनं बंद ओढून पाहिले. बंदाच्या टोकाला चौकटीत फुली मारून घातलेला टाका नखानं तपासला. मग तोंड उघडून आत पाहिलं आणि हसायला लागली. हसताना दुखत होतं तरी हसली.

"भावजी, डोकं कुठे?"

मी आत पाहिलं. नाव उलटं होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या आणून द्या इथे."

"असं कसं राहू दे? तू म्हणतेस हे?"

"मी म्हणतेय. नाव आत आहे, बारीक आहे. कोण बघतंय? पिशव्या वॉर्डात येऊ देत."

"दुमडी उसवतो. बंद काढतो. नव्या पट्ट्या छापून आतून लावतो. पाच दिवस दे मला."

"मी कुठून देऊ पाच दिवस? डॉक्टरांकडे मागा."

हे ती थट्टेनं म्हणाली, आणि मला थट्टेचाच राग आला. मी म्हणालो, "सात वर्षं तू इथे चपला झिजवल्यास. एक टाका वाकडा गेला म्हणून माझ्यासमोर शंभर पिशव्या उसवल्यास. आणि आता तीनशे घरांत उलटं नाव पाठवू? माझ्याच्यानं नाही होणार."

तिनं पिशवीचं तोंड मिटलं. मग म्हणाली, "तुम्हाला मीच बिघडवलं." ती पिशवी मी परत मागितली तर दिली नाही. "असू दे माझ्याजवळ. नमुना."

मी कारखान्यात आलो आणि आम्ही तिघं कामाला जुंपलो. एक दोरा ओढला की सरसर सुटावं तसं उसवणं नसतं ते. बंदाची चौकट आणि फुली उसवायला तर कापड फाटू न देता एकेक टाका ओढावा लागतो. आणि त्या चौकटी वहिनीच्या पद्धतीच्या, हजार वर्षं टिकाव्यात अशा. बोटं सोलून निघाली. मी दिवसातून एकदा हॉस्पिटलात जाऊन यायचो. ती विचारायची, "किती झाल्या?" मी आकडा सांगायचो. ती मान हलवायची. पिशव्या आणा असं ती पुन्हा म्हणाली नाही. एकदा म्हणाली असती तरी मी ऐकलं असतं, असं आता वाटतं. खरं काय ते कुणास ठाऊक.

चौथ्या दिवशी दुपारी मी फ्रेमवर वाकलेलो असताना फोन आला. हात शाईनं भरलेले होते म्हणून दोघींतल्या थोरल्या बाईनं उचलला. तिनं काही सांगायच्या आत मला कळलं.

दोनशे बारा पिशव्या तयार होत्या. भिंतीला लावून, घड्या घालून, दोऱ्यानं बांधून. त्यातल्या दहा मी आधी नेऊन दिल्या असत्या तर? दहा तरी. पण अर्धं काम द्यायचं नाही ही सवयही तिनंच लावलेली. माझ्या डोक्यात आलंच नाही.

सगळं आटोपल्यावर वॉर्डातल्या नव्या सिस्टरनं मला कागदावर सही करायला लावली आणि सामान आणून दिलं. काळी प्लास्टिकची पिशवी. वर गाठ. मोठ्या सिस्टर पलीकडून येत होत्या, त्या ते बघून थांबल्या. म्हणाल्या, "तुमच्या पिशव्या येणार होत्या ना?"

"उद्या येतील," मी म्हणालो.

या वेळी मी ती खालून दोन्ही हातांनी धरून नेली. बसथांब्यावर बसलो नाही, उभा राहिलो. घरी जाववेना म्हणून कारखान्यात आलो. दोघी बाया मशिनी बंद करून बसल्या होत्या. कापायच्या टेबलावर, तिच्या टेबलावर, मी गाठ सोडली. चष्मा. कंगवा. टॉवेल. मापाची टेप, ही तिनं तिथे कशाला नेली होती देव जाणे. खडूचा एक तुकडा. आणि सगळ्यात खाली, चार घड्या घातलेली राखाडी पिशवी.

नव्या सिस्टरला ती पिशवीही सामानच वाटली असणार. घडी करून सामानात टाकली.

मी ती उलगडली. पांढऱ्या तुकड्यावर पेनानं तिचं नाव होतं, तिच्याच अक्षरात, मापं लिहायची तसं स्वच्छ. तिची तयारी झाली होती. पिशवी तिच्या उशाशी होती, नाव घालून ठेवलेली. सामान भरून कुणाच्या तरी हातात द्यायची तेवढी राहिली होती. हे कुणाला सांगून ठेवावं तर ते मला सांगायला हवं होतं, आणि मी तिच्याशी पिशव्यांच्या आकड्याशिवाय काही बोलतच नव्हतो.

धाकटी बाई रडू लागली. मी काळ्या पिशवीतलं एकेक उचलून त्या पिशवीत ठेवलं. टॉवेल खाली, चष्मा वर. सगळं नीट मावलं. दुसऱ्या दिवशी उरलेल्याही पूर्ण करायच्या होत्या, आणि तीनशेला एक कमी पडत होती म्हणून एक नवी कापायची होती, हे मी त्या दोघींना सांगितलं. मग बंद हातात घेण्याआधी सवयीनं तोंड उघडून आत पाहिलं. डोळ्यांतल्या पाण्यातून दुमडीवर काहीतरी छापलेलं आहे एवढंच दिसलं. ते उलटं आहे की सुलटं, मला वाचता आलं नाही.