पुन्हा एकदा जाऊन या

सोनोग्राफीसाठी लघवी तुंबवून बसायचं होतं. नगरच्या दवाखान्यात आई मला पाणी पाजत होती आणि मी बाकावर चुळबुळत होते. बाहेर जायचं तर पाणी बेतानं प्यायचं, हे लहानपणी तिनंच शिकवलेलं.

मी जन्मले तेव्हा मला शौचाची वाटच नव्हती. नगर जिल्ह्यातल्या आमच्या देवळालीहून आईवडिलांनी मला पुण्याला नेलं, डॉक्टरांनी ऑपरेशनं करून ती वाट तयार केली. त्यामुळेच मी शाळेत बसू शकले, घरातली पहिली पदवीधर झाले, आता मुलांना विज्ञान शिकवते. हे उपकार मी विसरत नाही. पण तेवढ्यावर सगळं निस्तरलं असं आम्ही धरून चाललो. लघवी गळायची, वरचेवर ताप यायचा. आम्ही पाणी आणखी कमी केलं.

"जाऊन या," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. आल्यावर त्यांनी पुन्हा पोटावर यंत्र फिरवलं. "अजून खूप आहे. पुन्हा एकदा जाऊन या."

पुन्हा गेले. पडद्यावरचा काळा गोळा काही हटेना.

डॉक्टरबाई म्हणाल्या, मूत्राशय रिकामं होत नाही, उजवी किडनी सुजायला लागलीय.

"पन ऑपरेशन तर मागच्या जागंचं हुतं," आई म्हणाली.

"मावशी, जन्मतः असं असलं की बऱ्याचदा लघवीच्या नसाही कमजोर असतात. आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं."

आता दिवसातून ठरावीक वेळी स्वतःच बारीक नळी घालून लघवी काढायची. किडनी वाचेल का, मी विचारलं. "आजपासून नेमानं केलंत तर वाचवता येईल."

सिस्टरनी आरसा धरून शिकवलं आणि दोन नळ्या देऊन मला एकटीला संडासात पाठवलं. आई दाराबाहेर उभी राहिली.

"किती येळ ओ?" बाहेर एका बाईचा आवाज.

"लेक हाय माझी आत. दम धरा की जरा."

"आजी, मलाबी लागलीय!"

"आजी कोनाला म्हन्ती गं?"

मला हसू फुटलं, हात हलला आणि नळी फरशीवर पडली. उरली एकच. हात पुन्हा धुतले. आरशात नीट दिसेना, आरसा तिरका करून पाहिला. मग एकदम नळीतून धार लागली, ती थांबेचना. एवढं सगळं मी अंगात घेऊन वर्गात उभी राहत होते.

"झालं का गं?" आईनं दार वाजवलं.

"न्हाई अजून," मी म्हणाले. "येतंय."