नाकातलं वजन

दर्यापूर रस्त्यावरच्या वजनकाट्यावर मी कापसाची गाडी नेतो. तिथला काटेवाला आधी काट्याच्या कडा पाहतो. कुणाचा पाय काट्याला टेकलेला दिसला की ओरडतो, "पाय काढ बे!" सरपंचालाही तो हेच म्हणाला होता.

दिवाळीपासून त्याच्या टेबलावर लढाऊ विमानाचं किट होतं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तो प्लास्टिकचे भाग घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा. परवा त्याने ते पूर्ण करून चाकांवर ठेवलं, तर विमान शेपटीवर बसलं. नाकात वजन भरायचं राहून गेलं होतं. दिवसभर वजनं करणारा माणूस वजनच विसरला होता!

मी हसू दाबत बोटाने नाक खाली धरलं. "शेपटीखाली काडी लावा न. कोनाले दिसते?"

"बोट काढा, भाऊ. काडीवर उभं राहते ते बुजगावनं."

आणि त्याने ते रंगवलेलं नाक पात्याने कापलं. आत सायकलचे लोखंडी छर्रे भरून त्याने ते परत चिकटवलं.

पुढच्या खेपेला विमान तीन चाकांवर उभं होतं. नाकावर जोडाची रेघ दिसत होती. मी ती दाखवली.

"दिसू द्या," तो म्हणाला. "कोनाचं बोट तं लागून नाई न!"