नव्या रिंगा आणि पुतण्याची वरात

वरातीत नवरदेवाची मोटार बँडच्या मागे रांगत जाते, तेव्हा तिच्या इंजिनाच्या आत काय होत असेल याचा विचार आजवर एकाही नवरदेवाने केलेला नाही. त्याच्या बापाने तर नाहीच नाही. मी केला, आणि त्यापायी सासरच्या माणसांत माझी जी कीर्ती झाली ती अजून टिकून आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपुरात राहत होतो. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची, आमचे हे कचेरीत होते. ह्यांनी कोणाची तरी वापरून वापरून चोथा झालेली काळी मोटार घेतली. सुरू केली की मागून असा निळा धूर निघे की शेजारच्या बाई वाळत घातलेले कपडे उचलून आत नेत. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, आणि तेल जळतंय म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या. मेकॅनिकने बॉनेट उघडून बघितलं आणि म्हणाला, "इंजिन बांधावं लागन."

इंजिन बांधायचं म्हणजे सगळं खोलायचं, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा जुळवून बसवायचं. हे म्हणाले, आपणच बांधू. मी म्हटलं, बांधू. शिवणाच्या मशीनचा शटल काढून, साफ करून, पुन्हा बसवण्यात माझी अर्धी नोकरी गेली होती. मोटारीचं इंजिन काही स्वर्गातून पडलेलं नव्हतं.

अंगणात कडुनिंबाखाली आम्ही ते उघडलं. सिलिंडर तेवढे खरादवाल्याकडून मशीनवर कातून आणले, बाकी सगळं घरी. आमची वाटणी सरळ होती. खालचं ह्यांचं, म्हणजे क्रँक आणि बेअरिंगा. वरचं माझं, म्हणजे हेड आणि व्हॉल्व्ह. प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्याच जागी परत बसवायचा असतो, म्हणून मी प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधून ठेवली. चिंध्यांना आमच्या घरात तोटा नव्हता. मग घासणं. व्हॉल्व्हच्या कडेला खरखरीत पेस्ट लावायची, रबरी टोकाची काठी त्याला चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी फिरवायची. मध्येच उचलून थोडं वळवायचं, पुन्हा फिरवायचं. कडेला सारखी, करडी, कुठेही न तुटलेली पट्टी उमटली की झालं. तरी विश्वास ठेवायचा नाही. वरून मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, ओतायचं आणि बघायचं खाली ओल येते का. एका व्हॉल्व्हने मला इतकं छळलं की मी त्याच्याशी बोलायला लागले होते, आणि जे बोलत होते ते शाळेत ऐकवण्यासारखं नव्हतं.

रिंगा मात्र दोघांनी मिळून बसवल्या. रिंगेला एका जागी फट असते. त्या फटी एकाखाली एक आल्या तर तेल सरळ वर चढतं, म्हणून त्या फिरवून ठेवायच्या. हे पत्र्याच्या पट्टीने रिंगा आवळून धरत, मी हातोडीच्या लाकडी दांड्याने पिस्टन हळूहळू ठोकून खाली उतरवी. ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं आणि धूर निघाला नाही, त्या दिवशी ह्यांनी भर अंगणात माझा काळा झालेला हात हातात घेतला. शेजारच्या बाई बघत होत्या. बघू दे म्हटलं.

रंगाचं काम त्याच्या आधीच झालं होतं. नागपूरच्या उन्हाने त्या काळ्या रंगाला पावडर सुटली होती. बोट लावलं की बोट करडं. गाडी सावलीत धुवायची, छपरापासून खाली, आणि कोरड्या फडक्याने धूळ कधी पुसायची नाही, नाहीतर तीच धूळ रंगावर ओरखडे काढते. मग पॉलिशवाला मसाला घेऊन सरळ रेषेत घासत जायचं, आणि शेवटी मेण. जुन्या धोतरासारखं मऊ कापड दुसरं नाही. माझे खांदे आठवडाभर वर होत नव्हते, पण बॉनेटमध्ये कडुनिंबाचं पान न् पान दिसायचं.

आता मुद्द्याची गोष्ट. नव्या रिंगांचं इंजिन बाळंतिणीसारखं जपावं लागतं. त्याला मोकळा रस्ता हवा, बेताचा वेग हवा. पळवायचं नाही, ओझं ओढायला लावायचं नाही, आणि उभ्या उभ्या किंवा रांगत तर मुळीच चालवायचं नाही, कारण मग ते तापतं, रिंगा सिलिंडरला नीट धरत नाहीत, आणि जास्त तापलं तर पिस्टन जागच्या जागी जाम होतो. मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत "इंजिन नवीन आहे, पुढे जा" असं लिहून मागच्या काचेला लावलं होतं. लोक हसत आणि पुढे जात.

अशात माझे भासरे आले, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ. आमच्याकडे लहान भावाच्या बायकोने भासऱ्यांशी थेट बोलायचं नाही, आणि तेही तिच्याशी बोलत नाहीत. तिच्याबद्दल बोलायचं असलं तरी भावाकडे बघून बोलतात. ते बाजेवर बसले, चहा घेतला आणि ह्यांना म्हणाले, "पोराची वरात आहे गा. तुयी गाडी लागन. घरची गाडी असताना पोराले दुसऱ्याच्या गाडीत काहून बसवू?"

"हो दादा," हे म्हणाले.

मी दारात कपबशी घेऊन उभी होते. एकदा माझ्याकडे बघावं तरी! नाही. भासरे गेले आणि मी तोंड सोडलं.

"तुम्ही मले विचारलं काहून नाही?"

"दादाले नाही कसं म्हणू वं?"

"तोंडानं म्हणा. खाता त्याच तोंडानं."

"मी चालवीन ना. दुसऱ्याच्या हाती देणार नाही."

जसं काही इंजिनाला कोण चालवतंय ते कळत असतं.

लग्न कन्हानला होतं, मुलीकडे, भर मे महिन्यात. पहाटे निघालो. जाताना गाडी अशी गेली की मलाही वाटलं, उगाच भांडले. नदीवरचा पूल ओलांडताना इंजिनाचा आवाज एकसारखा, गुळगुळीत येत होता. पण जानवशाच्या दारात गाडी उभी राहिली आणि सजावटवाले तिच्यावर तुटून पडले. पिठाची चिकट लई शिजवून त्यांनी बॉनेटवर कागदी फुलं चिकटवली. दारांवर कुंकवाची बोटं उमटवली. माझा "पुढे जा"चा कागद झेंडूच्या माळांखाली गडप झाला. उन्हात ती लई अशी वाळली की पुढे ती काढताना मेणच काय, रंगसुद्धा निघाला. मी एकाला म्हटलं, दोऱ्याने बांधा, चिकटवू नका. तो म्हणाला, "बाई, लग्न आहे, मौत नाही."

दुपार कलली, ऊन मात्र कललं नव्हतं. वरात निघाली. पुढे बँड, त्याच्या पुढे नाचणारे, मागे आमची गाडी, गाडीत नवरदेव, आणि गाडीच्या मागे आम्ही बायका, डोक्यावर पदर घेऊन. बँड चार पावलं चाले आणि उभा राही. उभा राहिला की नाचणाऱ्यांना जास्तच चेव येई. एक भाऊबंद तर रस्त्यावर लोळण घेऊन नाचत होता. आणि आमची गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबून, रांगत, थांबत, पुन्हा रांगत. मला आधी वास आला. गरम रबराचा आणि तापलेल्या तेलाचा. इतर बायकांना तो फटाक्यांचा वाटला. मी पदर खोचला आणि पुढे गेले.

ह्यांच्या खिडकीशी वाकून विचारलं, "गरमीचा काटा कुठं आहे?"

"वर गेला," हे म्हणाले. घामाने डबडबले होते.

"दिसून राहिलं ना तुम्हाले? मंग चालवून काहून राहिले?"

"दादा म्हणते, मांडवापर्यंत चाल."

ह्यांना माहीत होतं! माझ्याइतकंच माहीत होतं. ह्याच हातांनी त्या रिंगा आवळून धरल्या होत्या. न समजणाऱ्याने केलं असतं तर मी एवढी चिडले नसते. मी खिडकीतून हात घातला, चावी फिरवली आणि काढून घेतली.

गाडी उभी राहिली. बँड थोडा वाजला, मग एकेक करून तोही थांबला. भासरे आले. "काय झालं गा?"

"गरम झाली दादा."

"घरी इंजिन बांधल्यावर असंच होते," भासरे चारचौघांत म्हणाले, आणि चारचौघे हसले.

तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले. "इंजिन बिघडलं नाही भाऊजी. मी बंद केलं. रिंगा नव्या आहेत, असं रांगवलं तं जाम होईन. व्हॉल्व्ह मी घासले आहेत, मले माहीत आहे."

भासऱ्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भावाला म्हणाले, "तुया बायकोले मांडवात पाठव गा."

मी काही गेले नाही, आणि बरं झालं गेले नाही. एका उत्साही वऱ्हाड्याने तोवर बॉनेट उघडलं होतं आणि दुसरा बर्फाच्या पाण्याची बादली घेऊन येत होता. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी पडलं तर त्याला तडा जातो. मग त्याला कोणी बांधू शकत नाही, घरी नाही आणि दारीही नाही. मी इंजिनाला पाठ लावून उभी राहिले.

"हटा वं बाई, थंड करून देतो!"

"हात लावून पाहा," मी म्हटलं.

त्याने हात लावला नाही, पण बादली रिकामी केली. ती सगळी माझ्यावर. शालू, अंबाडा, पायातल्या जोडव्यांपर्यंत गारेगार. लोक फिदीफिदी हसले. खरं सांगते, त्या उन्हात बरंच वाटलं, पण हे कोणाला कळू दिलं नाही.

शेवटी वऱ्हाड्यांनी गाडी ढकलली. त्यात त्यांना नाचण्यापेक्षा जास्त मजा आली असावी, कारण बँड पुन्हा वाजायला लागला आणि नवरदेव मांडवात वेळेवर पोचला. लग्न लागलं. मी ओल्या शालूने अक्षता टाकल्या. नंतर इंजिन पुरतं निवल्यावर मीच रेडिएटरचं झाकण उघडलं, थोडं थोडं पाणी भरलं, डिपस्टिक काढून तेल बघितलं. तेलात पाणी नव्हतं, म्हणजे तडा गेला नव्हता. सुरू केलं तर पहिल्या झटक्यात सुरू झालं. मला रडू आलं, आणि ते मी बॉनेटच्या आड उरकलं.

परतताना भासरे पुढे ह्यांच्या शेजारी बसले. मागे नवरदेव, नवरी आणि मी. मी जागा मागितली नाही, बसले. कामठीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि ह्यांनी गाडी नेमक्या वेगाला लावली. नव्या रिंगांना जसा हवा तसाच. खिडकीतून वारा येत होता. इंजिन एका सुरात चाललं होतं. कुठे खडखड नाही, धूर नाही. मी घासलेला प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्या जागी बसत होता, उठत होता.

भासरे बराच वेळ ऐकत होते. मग ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाही गा, इंजिन मस्त बांधलं तू."

हे म्हणाले, "हो दादा."

एवढंच. "हो दादा." भर वरातीत, अख्ख्या बँडसमोर मी सांगितलं होतं, ते सगळ्यांनी ऐकलं होतं, ह्यांनीही. माझ्या जिभेवर जे आलं ते मी गिळलं, कारण शेजारी ती पोर रडून सुजलेल्या डोळ्यांनी बसली होती, आणि सासरची पहिली गोष्ट म्हणून तिने भांडण ऐकावं असं मला वाटलं नाही.

घरी आल्यावर विचारलं, 'हो' काहून म्हटलं? हे बूट काढता काढता म्हणाले, "जाऊ दे वं. त्याले कुठं एवढं समजावून सांगत बसू?"

हे आयुष्यभर माझ्याशी चांगलंच वागले, ते मी कधी नाकारलं नाही. भासरेही नंतर निवळले. पण "तिनं पण बांधलं" एवढं म्हणायला ह्यांच्याकडे कामठीपासून नागपूरपर्यंतचा सगळा रस्ता होता, आणि गाडी मी वाचवली होती म्हणूनच तो होता.