क्रिएटिनिन विचारणाऱ्या ताई

जर्मनीत नवा मराठी माणूस भेटला की पहिल्या पाच मिनिटांत त्याचं आडनाव, गाव आणि व्हिसा या तिन्ही चौकशा उरकल्या जातात. माझ्या मेहुणीबाई यांतलं काहीच विचारत नाहीत. त्या क्रिएटिनिन विचारतात, म्हणजे किडनीची तब्येत सांगणारा रक्तातला आकडा. आडनावावरून माणूस जोखणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा आहे, आणि माणूस जोखायचाच तर त्याच्या किडनीवरून जोखावा असं ठाम मत असलेली दुसरी व्यक्ती अख्ख्या न्युरेम्बर्गात, किंबहुना अख्ख्या भूतलावर नसावी. यंदाच्या भीमजयंतीला बर्लिनहून आलेल्या प्रमुख पाहुण्यांना हार घालता घालता ताईंनी विचारलं, "सर, किडनीचा रिपोर्ट शेवटचा कधी काढलात?" हार घ्यायला उठलेले पाहुणे पुन्हा खुर्चीत बसले.

ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी मावसबहीण. मूळच्या नागपूरच्या, आता इथल्या एका मोठ्या इस्पितळात फार्मासिस्ट. डॉक्टरांनी लिहिलेला डोस पेशंटच्या किडनीला मानवेल का, हे तपासणं त्यांचं काम, आणि त्यातही जाड पेशंट हा त्यांचा खास प्रांत. त्यामुळे मला पाहताच त्यांच्या चेहऱ्यावर जे वात्सल्य पसरतं, ते बहिणीला पाहूनसुद्धा पसरत नाही. "आल्झो, असं बघा भाऊजी," माझ्या भातावर वरण वाढता वाढता त्या जर्मन 'तर मग'ने सुरू करतात, "रिपोर्टवरचा किडनीचा आकडा बेताच्या अंगाच्या माणसासाठी असतो. तुम्हाला तो जसाच्या तसा लावून चालत नाही. तुमचं सगळं वजन सूत्रात घातलं तर किडनी आहे त्याहून दांडगी दिसते. उंचीच्या मानाने असायला हवं ते घातलं, तर बिचारी दिसते. तुमची खरी किडनी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी राहते." तोवर इकडे दुसरी वाटी तूप माझ्या पोटात गेलेलं असतं.

जयंतीनंतर पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलीचा वाढदिवस होता. वीसेक पाहुण्यांसमोर ताईंनी हाच धडा शिकवायला घेतला आणि उदाहरण म्हणून मला उभं केलं. लोक हसले. माझी बायकोही हसली, हे जास्त लागलं. "ताई, माझ्या वजनाचा विषय यापुढे काढायचा नाही," असं म्हणून मी ताटात अर्धी पुरणपोळी तशीच टाकून उठलो. एवढा मोठा त्याग मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

पुढच्याच महिन्यात माझ्या डाव्या पायात जंतुसंसर्ग झाला आणि मी ताईंच्याच इस्पितळात दाखल झालो. पायावर उभं राहवत नव्हतं, म्हणून नर्सने वजन तोंडीच विचारलं. शेजारी बायको उभी होती, आणि वर्षभर मी तिला शंभराच्या आत असल्याचं सांगत आलो होतो. मी गळ्यापर्यंत पांघरूण ओढून म्हणालो, "शहाण्णव." खरा आकडा एकशे अठ्ठावीस होता. बत्तीस किलो मी पडल्या पडल्या उतरवले. माझ्या जिमवाल्याला हे दोन वर्षांत जमलेलं नाही. नर्सने पांघरुणाच्या डोंगराकडे एकदा पाहिलं आणि शहाण्णव लिहिलं. या देशात फॉर्मवर उमटलं ते खरं, माणूस त्याच्यानंतर.

तिसऱ्या दिवशी लाली गुडघ्याच्या वर चढली. औषधाचा गुण येत नाही, असंच राहिलं तर उद्या पाय चिरून साफ करावा लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या. पाय राहील ना, असं बायकोने विचारलं, तेव्हा त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. मी फार घाबरलो. एवढ्यात बसून वजन करायची खुर्ची ढकलत ताई आत आल्या. "बसा," एवढंच म्हणाल्या.

मी बसलो. बायकोने आकडा वाचला आणि ती खिडकीबाहेर पाहू लागली. ताईंनी कागदाच्या पाठीवर आकडेमोड केली, शहाण्णव किलोचा डोस मला कमी पडतोय असं डॉक्टरांना फोनवर सांगितलं, आणि संध्याकाळपासून माझा डोस वाढला. दोन दिवसांत लाली उतरू लागली. सुरीची गरज पडली नाही.

"चूक माझी होती, ताई," मी त्यांना म्हणालो.

"तुमची होतीच. पण तो आकडा पहिल्याच दिवशी माझ्यासमोर आला होता. वाचताक्षणी मला कळलं, हा खोटा. दुसऱ्या कुणी सांगितला असता तर तासाभरात खुर्चीत बसवलं असतं. तुमचं नाव पाहिलं आणि म्हटलं, पुन्हा रुसतील. त्यात दोन दिवस गेले." त्यांनी चष्मा काढून पदर नसलेल्या पांढऱ्या कोटाला पुसला. "मी कुणाचं मन राखायला जात नाही, भाऊजी. पहिल्यांदाच गेले."

मी चालत घरी आलो. ताईंकडची रविवारची जेवणं पुन्हा सुरू झाली, पण ताई आता गप्प वाढतात. हवापाण्याचं बोलतात. नवीन पाहुणा आला तर त्यालासुद्धा गावच विचारतात. मला ते बघवत नाही. परवा न राहवून मी म्हणालो, "ताई, माझं वजन नाही विचारलंत."

त्या थांबल्या. "खरं सांगाल?"

प्रमुख पाहुण्यांना खुर्चीत बसवणाऱ्या बाईने हे इतक्या भीत भीत विचारलं, की मी हातातला घास ताटात परत ठेवला. मी खरं सांगितलं, बायकोच्या देखत.