माथेरानला सामान कोणी उचलायचं

दादा, म्हणजे माझे वडील, तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहायचे. मी सातवीत असताना आम्ही तिघं पहिल्यांदाच सुट्टीला गेलो, तेही माथेरानला! गाड्या अलीकडेच थांबतात, पुढे चढाची पायपीट. तिथला म्हातारा हमाल सामान घ्यायला आला, तर दादा त्याच्यावरच खेकसले, "माझं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर? जमायचं नाही."

आईनं हात जोडले, मी रडले. छे! सगळं त्यांनीच उचललं.

पॉइंटवर पोचेपर्यंत त्यांची पाठ धरली. ते खडकावर पालथे पडले, आई पाठ चोळत बसली. समोर अख्खी दरी पसरलेली. मान न वळवता दादांनी मला विचारलं, "कसं दिसतंय गं? नीट बघून सांग. परत काय येणं होत नाही."