सहज भेटल्यासारखं

आत्याला पाच स्थळं बघून गेली आणि पाचही जणांनी "कळवतो" म्हणून काही कळवलं नाही. पाचव्या खेपेनंतर तिने पोह्यांचा ट्रे ओट्यावर आपटला आणि माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, बजावलं, "दादा, यापुढे मी ट्रे घेऊन कुणासमोर येणार नाही." नाना देवपूरच्या एका शाळेत गणित शिकवायचे. उत्तर जमत नसेल तर रीत बदला, असं ते मुलांना सांगत. सहावं स्थळ धरणगावचं होतं. मध्यस्थाने असं ठरवलं, की दोन्ही घरच्यांनी रविवारी जळगावला तलावाकाठच्या बागेत फिरायला यायचं आणि सहज भेटल्यासारखं भेटायचं. नाव-गाव विचारायचं नाही, लग्नाचा विषय काढायचा नाही. मुलगा चष्मेवाला, सोबत आई आणि काका, एवढीच खूण.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. मला यातलं काही कळत नाही अशी सगळ्यांची समजूत होती आणि मी ती मोडली नाही.

बागेत शिरताच नानांना चष्मा दिसला. लिंबाखाली सतरंजीवर एक म्हातारी, एक गृहस्थ आणि तो. नाना इतक्या सहजपणे चालत गेले की वाटेत दोनदा ठेचकाळले. "काय, फिरायला का?" "हो, फिरायला." नानांनी मागे वळून आईला डोळा मारला. आई बिचारी भर बागेत लाजली.

मग आमची सतरंजी त्यांच्या सतरंजीला जोडली गेली. डबे उघडले. भरीत आणि कळण्याच्या भाकरी आईने पहाटे चारला उठून केल्या होत्या, पण नाना म्हणाले, "सगळं आमच्या बहिणीच्या हातचं." आई भाकरी वाढत राहिली. म्हातारीने बोटं चाटली. "भरीत भारी शे वो माय! बठ्ठं खाई टाकं आम्ही!" खरंच खाऊन टाकलं. आम्हाला लोणचं उरलं.

पुढे मिनी गोल्फ. म्हणजे सिमेंटच्या पट्ट्या, शेवटी भोक आणि हातात वाकडी काठी. विटीदांडूत आत्या आमच्या गल्लीत कुणाला हार जात नसे, पण "हळू मार" असं नाना कानात सांगून गेले होते. मग तिने मान खाली घालून चेंडूला एवढं हळू ढकललं की तो भोकापर्यंत पोचेना. चष्मेवाल्याने कसाही टोला मारला तरी नाना टाळ्या वाजवत होते. मला आत्याची फार दया आली.

शेवटी पायडलची होडी. आत्या, चष्मेवाला आणि मागे राखणीला मी. काठ लांब गेल्यावर आत्याला राहवलं नाही. "तुम्ही धरणगावचेच ना?"

"नाही, आम्ही भडगावचे. बायको माहेरी गेलीय बाळंतपणाला. आई घरात कंटाळली, म्हणून आणलं."

आत्या अशी हसत सुटली की होडी डुगडुगायला लागली. तिने पदर खोचला, चपला काढून माझ्या मांडीवर ठेवल्या आणि पायडल मारायला सुरुवात केली. समोरून दुसरी होडी येत होती. "हटा, हटा!" आत्या ओरडली. दोन्ही होड्या एकमेकींना घासल्या आणि आत्याने हाताने पाण्याचा असा फवारा मारला की त्या होडीतले दोघंही चिंब झाले. त्यातल्या तरुणाने चष्मा काढून पुसला. तेव्हा मला खूण आठवली: मुलगा चष्मेवाला, आणि शेजारी बसलेले ते काका.

काठावर उतरल्यावर ओले काका नानांपाशी आले. "देवपूरचे सर तुम्हीच का? आम्ही नऊपासून त्या बाकावर आहोत. तुमच्यासोबत ही मंडळी दिसली, म्हटलं हे ते नसतील." नानांचा चेहरा पडला. हे सहावंही गेलं, असं ते न बोलता बोलत होते. आत्याचे केस सुटले होते, साडी पोटरीपर्यंत भिजली होती. पण तिची मान वर होती. तिने त्या मुलाकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "चुकून नाही उडवलं हं, मुद्दाम उडवलं." तो म्हणाला, "ते कळलं मला."

आठवड्याने धरणगावहून कार्ड आलं. मुलगी पसंत. नाना पेढे आणायला निघाले, एक चप्पल पायात गेलीसुद्धा.

"दादा, मला कुणी विचारलंय?" आत्या आतून म्हणाली.

नाना तिथेच थांबले. सहा स्थळं झाली होती, पण तिला पसंत आहे का, हे आमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नव्हतं. नानांनी विचारलं. अगदी हळू आवाजात. "कळवते," आत्या म्हणाली.

तिने पुरते दोन दिवस घेतले. नाना जेवेनात, आई उगाच कपाटं आवरत बसली, पोस्टमन दिसला तरी आम्ही दचकायचो. पाच वेळा ती असंच बसून होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि फार वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने "हो" म्हटलं. नाना "बरं" म्हणाले, आणि आमच्या सगळ्यांसमोर ताटावर बसून रडले.