राजूर मागे पडलं तरी

जाफराबादहून जालन्याला सिनेमा बघायला जायचं, हा माझा आणि माझ्या मैत्रिणीचा नऊ वर्षांचा नेम. दोघी एकाच शाळेत शिकवतो. घरी सांगायचं कापड घ्यायचंय, आणि रविवारचा दुपारचा खेळ गाठायचा. खरी मजा परतीच्या एसटीत. गाडी स्टँडच्या बाहेर पडेपर्यंत सिनेमाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, मग कडाकडा भांडायचं. राजूर आलं की गाडीतली माणसं गणपतीला हात जोडतात. आम्हीही जोडायचो आणि तिथून बाजू बदलायचो. तिचं म्हणणं मी मांडायचं, माझं तिनं. त्यामुळे आमचं भांडण कधी घरापर्यंत पोचलं नाही.

यंदा शाळेत बदली होऊन एक नवी बाई आली. हुशार, हसरी, वयानं आमच्याहून बरीच लहान. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या मैत्रिणीला ताई म्हणायला लागली. मला मात्र मॅडम. मैत्रीण म्हणाली, "हिलाबी नेऊ सिनेमाला, एकटीच राहती बिचारी." मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड कुठं होतं?

सिनेमा भुताचा होता. वरच्या आळीच्या विहिरीवर पाणी भरलं म्हणून गावानं एका बाईला आत ढकललेलं, वर लोखंडी झाकण बसवलेलं. विहिरीशेजारच्या घरातली थोरली सून सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारी. मध्यंतरापर्यंत नुसती हसाहशी. मग घरात धाकटी येते, आणि एके दिवशी थोरली आपल्या हातानं ते झाकण काढते. पुढं जे होतं ते बघताना मी पदर तोंडात धरला होता.

परतताना नवी बाई पटकन चढली आणि मैत्रिणीशेजारी बसली. नऊ वर्षं ती जागा माझी. मी मागच्या सीटवर, मान पुढं काढून.

गाडी हलल्याबरोबर मी म्हटलं, "तासभर हसवायचं आणि मग एकदम घाबरवायचं, ही फसवणूक आहे. दोन सिनेमे शिवलेत एकात."

"मॅडम, हसणारे तेच तर ढकलणारे होते," नवी म्हणाली. "आपणबी त्यांच्यासंगं हसलो. म्हणून भ्या वाटलं."

मैत्रिणीनं तिच्या मांडीवर थाप मारली. "बराबर बोलली!" ती थाप आजवर माझ्या मांडीवर पडायची. मला इतकं लागलं की नवीचं म्हणणं खरं होतं, हेसुद्धा मला सहन होईना.

"मंग थोरलीनं झाकण काहून काढलं?" मैत्रिणीनं विचारलं.

"विहिरीतल्या बाईला न्याय मिळवून द्यायचा होता तिला," नवी म्हणाली.

"न्याय-बिय काही नाही," मी म्हटलं. "तिला धाकटी खुपत होती. आधी घरात जो तो तिला विचारायचा, आता धाकटीला विचारतात. सगळं बुडालं तरी चालेल, असं झालं तिला."

राजूर आलं. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले, आणि लगेच पुन्हा सुरू झाले. धाकटी कशी गोड बोलून शिरली, थोरलीची बसायची जागासुद्धा तिनं कशी घेतली. सिनेमात जागेचं काही नव्हतं. मी बोलतच राहिले.

मैत्रीण मागं वळली. "राजूर गेलं," ती हळूच म्हणाली. "तू बाजू बदलली न्हाई."

मी पुढं काढलेली मान मागं घेतली.

"सिनेमाचंच बोलून राह्यली ना तू?"

माझे कान तापले. नव्या बाईला आमचा नियम कुणी सांगितला नव्हता, पण तिला सगळं कळलं असावं. ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही इथं बसा. मला मागं हवा लागंल."

तिनं मला पहिल्यांदाच ताई म्हटलं होतं. मी जाऊन बसले. सीट तिच्या अंगानं उबदार झालेली होती. शेजारी माझी मैत्रीण खिडकीबाहेर बघत होती, आणि जाफराबाद येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.